कर्ज किती आहे ते नंतर, दरमहा किती कमी पडतात ते आधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही समजायचं चुकलं असेल तर तुम्हाला इथेच कळेल.

वय ३६. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात नोकरी. घरात पत्नी, दोन मुलं आणि ७२ वर्षांची आई. पगार हातात ५८,००० येतो. गृहकर्जाचा हप्ता १७,५००. गेल्या वर्षी आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला ३ लाखांचं पर्सनल लोन काढलं, १६ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी; त्याचा हप्ता ८,५०० आणि अजून २ लाख ४२ हजार बाकी. दोन क्रेडिट कार्डं, एकावर १,३५,००० आणि दुसऱ्यावर ६२,०००. दोन्हीकडे फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान भरावी लागणारी रक्कम भरताय, मिळून ९,८५०. शिवाय मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज, ६,२०० चे तीन हप्ते राहिलेत. मेव्हणे सांगतात सोनं गहाण टाका. कुणी एक एजंट सांगतो, सगळे हप्ते थांबवा, ४० टक्क्यांत सेटलमेंट, म्हणजे बाकीचा काही भाग भरून खातं मिटवणं, करून देतो. आणि तुम्ही विचारताय की एक मोठं पर्सनल लोन काढून सगळं एकदम मिटवू, की एकेक फेडू? एकेक फेडायचं तर आधी कोणतं?

शेवटी दोन वाक्यं तुम्ही ओझरती लिहिली आहेत. ‘कंपनीच्या पतसंस्थेचे ६,५०० पगारातूनच जातात, ते धरले नाहीत’ आणि ‘दुसऱ्या कार्डाचं घरी माहीत नाही.’ माझं अर्धं उत्तर या दोन वाक्यांवर आहे.

मी सांगलीकडच्या एका पगारदार पतसंस्थेत २६ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ११ कर्ज विभागात. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतून लोक कागद घेऊन येतात, त्यांच्याबरोबर बसतो. मी वकील नाही आणि सीएही नाही. पण समोर बसलेल्या माणसाचं कर्ज कुठे गळतंय, हे पगारपत्रक आणि सहा महिन्यांचं पासबुक बघितलं की बहुतेक वेळा सापडतं.

तुमचे हप्ते मोजू. १७,५०० अधिक ८,५०० अधिक ९,८५० अधिक ६,२००, म्हणजे ४२,०५०. हातात ५८,००० येतात, त्यातून हे गेले की घरासाठी १५,९५० उरतात. घरखर्च तुम्हीच २७,००० सांगितलाय. म्हणजे दर महिन्याला ११,०५० कमी पडतात. ते कुठून येतात? कार्डावरून. पेट्रोल, किराणा, मुलांची औषधं, मोबाइलचं रिचार्ज. तुम्ही एका खिशातून कार्डाला ९,८५० देताय आणि दुसऱ्या खिशाने त्याच कार्डाकडून ११,००० परत घेताय. ‘कर्ज फेडतोय तरी कमी होत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हेच. ती खरं तर फेड नाहीच.

त्यात कार्डाचं व्याज बघा. दर कार्डागणिक बदलतो, पण महिन्याला साडेतीन टक्के हा सर्रास आढळणारा दर आहे. वर्षाचे झाले ४२. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला प्रत्यक्षात ४.१३ टक्के. तुमच्या १,३५,००० वर एका महिन्याचं व्याज ४,७२५, जीएसटी ८५०, एकूण ५,५७५. तुम्ही ६,७५० भरलेत की मुद्दल जेमतेम ११७५ ने कमी झालं. दुचाकीत दोनदा पेट्रोल टाकलंत की ते पुन्हा होतं तिथे. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीवर ती ‘४५ दिवस बिनव्याजी’ सवलत मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. तुम्ही पॉइंट मिळतात म्हणून किराणा कार्डावर घेताय. ते पॉइंट फार महाग पडतायत.

म्हणून ‘आधी कोणतं फेडू’ याचं पुस्तकी उत्तर, म्हणजे ज्याचं व्याज जास्त ते आधी, मी तुम्हाला देणार नाही. ते उत्तर चूक नाही, पण ज्याच्याकडे महिन्याअखेर चार पैसे उरतात त्याच्यासाठी ते आहे. ज्याला महिन्याला ११,००० कमी पडतात त्याने वेगळा हिशेब करायचा: किती रुपये टाकले की किती हप्ता सुटतो? ॲपच्या कर्जात १८,००० च्या आसपास टाकले की ६,२०० चा हप्ता सुटतो. कार्डांवर १,९७,००० टाकल्यावर ९,८५० सुटतात. पर्सनल लोनमध्ये २,४२,००० ओतले तरी ८,५०० च सुटतात, वर मुदतीआधी बंद केल्याचा आकार लागायची शक्यता. गृहकर्जाचं तर विचारूच नका. या नजरेने बघितलं की क्रम आपोआप लागतो. आधी ॲप, मग कार्डं. पर्सनल लोन आणि गृहकर्ज आहेत तसेच चालू द्यायचे, त्यांना हात लावायचा नाही.

पैसे आणायचे कुठून? इथे तुम्ही न धरलेली पतसंस्था येते.

‘पगारातूनच जातात’ म्हणून ते कर्ज वाटत नाही, हा अनुभव मला शेकड्याने आलाय. पगारपत्रकावर कपातीच्या रकान्यात असतं आणि हातात येणाऱ्या आकड्यात दिसत नाही, म्हणून मनातही नसतं. पण तुमच्याच सांगण्यानुसार तिथे १,६०,००० बाकी आहे, ६,५०० पैकी १,००० वर्गणीचे आणि ५,५०० हप्त्याचे. व्याज ११ टक्के. आहे त्या गतीने ते ३४ महिन्यांत संपेल.

समजा तिथे तुम्ही कर्जाचं नवं-जुनं केलंत, म्हणजे जुनं कर्ज मिटवून त्याच्याऐवजी मोठं नवं काढलंत. जुने १,६०,०००, कार्डांचे १,९७,००० आणि ॲपचे १८,०००, मिळून ३,७५,०००. पाच वर्षांच्या मुदतीला ११ टक्क्यांनी हप्ता येतो साधारण ८,१५०. वर्गणी धरून कपात ९,१५०, म्हणजे आत्ताच्यापेक्षा २,६५० ने जास्त. हातात ५८,००० ऐवजी ५५,३५० येतील. पण त्यातून बाहेर जाणार फक्त गृहकर्ज आणि पर्सनल लोन, २६,०००. घराला उरले २९,३५०. तुमचा खर्च २७,०००. जिथे ११,०५० कमी पडत होते तिथे २,३५० शिल्लक पडतात, आणि तेही पहिल्याच महिन्यापासून.

याची किंमत आहे, ती लपवत नाही. पतसंस्थेचं जे जुनं कर्ज पावणेतीन वर्षांत फिटलं असतं ते आता पाच वर्षांवर गेलं, आणि त्यावर जादा व्याज जाईल. तरीही ४२ टक्क्यांचं कर्ज ११ टक्क्यांवर आणण्यासाठी ते मी देईन.

आता कशाकशावर हे अवलंबून आहे ते. तुमच्या संस्थेच्या पोटनियमात कर्जमर्यादा किती, पहिलं कर्ज किती टक्के फिटलं की नवं-जुनं करू देतात, कपातीनंतर हातात किमान किती पगार राहायला हवा, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. काही ठिकाणी दर ९ टक्के आहे, काही ठिकाणी १३. अर्ज लिहिण्याआधी सचिवांना जाऊन विचारा. आणि दर विचारताना ‘घटत्या शिल्लकीवर की सरळ?’ हे विचारायला लाजू नका. सरळ म्हणजे ज्याला ‘फ्लॅट’ म्हणतात तो, शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागणारा. तीन वर्षांसाठी फ्लॅट १० टक्के म्हणजे शिल्लकीवर मोजल्यास जवळपास १८ टक्के. तसंच गल्लीतला कुणी ‘शेकडा दोन’ म्हणाला तर ते महिन्याचे दोन असतात, वर्षाचे २४. बँकेच्या १६ पेक्षा दोन स्वस्त, असं समजून शेकड्याने पैसे उचललेले शिकलेसवरलेले लोक मी बघितलेत.

दुसरी अट जामीनदारांची. पगारदार संस्थेत बहुधा दोन सहकारी लागतात. तुम्ही चुकलात तर करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे त्यांची जबाबदारी तुमच्याइतकीच. सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली कपातीचं लेखी संमतिपत्र दिलेलं असतं, त्यामुळे तुमचा पगार चालू आहे तोवर प्रश्न येत नाही. प्रश्न येतो नोकरी सुटली की. माझ्या काळात एक गृहस्थ निवृत्त झाले आणि ना देय दाखला घ्यायला आले तेव्हा त्यांना कळलं की आठ वर्षांपूर्वी ज्याला जामीन राहिले त्याने नोकरी सोडून गाव गाठलंय. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मला अजून आठवतो. म्हणून ज्या दोघांच्या सह्या घ्याल त्यांना खरा आकडा आणि खरं कारण सांगा. ‘घराचं थोडं काम काढलंय’ असली थाप नको.

याच ठिकाणी घरातली गोष्ट. ऑफिसातल्या दोन जामीनदारांना दुसऱ्या कार्डाचं कळणार, कर्ज समितीच्या पाच-सात जणांना कळणार आणि पत्नीला मात्र नाही, हे बरं दिसत नाही. शिवाय पुढचं सगळं घरखर्चावर अवलंबून आहे, आणि तो एकट्याने हाकता येत नाही. अर्ज करण्याच्या आदल्या रविवारी सांगा. सांगताना हातात सगळे आकडे लिहिलेला एकच कागद असू द्या, आणि त्या कागदावर उपायही असू द्या. मी अशा बऱ्याच जोड्या समोर बसलेल्या बघितल्यात. राग येतो तो कर्जाचा कमी आणि लपवल्याचा जास्त. आज सांगितलंत तर तो रविवारपुरता असेल. वसुलीवाल्याच्या फोनवरून कळलं तर गोष्ट वेगळी.

आता नवं-जुनं करण्यातला धोका सांगतो. तो इतका सर्रास आहे की मी एकेकाळी नुसत्या या कारणाने अर्ज मागे ठेवायचो. एका कारकुनाला आम्ही कार्डं मिटवायला दोन लाख मंजूर केले. त्याने खरोखरच मिटवली. कार्डं मात्र पाकिटातच राहिली. सव्वा वर्षाने तो पुन्हा आला तेव्हा संस्थेचं कर्ज होतंच, आणि दोन्ही कार्डं पुन्हा भरलेली. चूक एकट्या त्याची नव्हती. आम्ही कर्ज हलवलं, तूट तशीच ठेवली. त्यानंतर आमच्याकडे अशा प्रकरणात रक्कम सभासदाच्या हातात न देता थेट कार्डाच्या बँकेच्या नावाने चेक काढायला सुरुवात झाली, आणि कार्ड बंद केल्याचं पत्र फाइलला लावल्याशिवाय शेवटचा भाग सोडत नसू.

तुम्हीही तसंच करा. दुसरं कार्ड, ते ६२ हजारांचं, पूर्ण भरून लेखी विनंतीने बंद करा. बाकी शून्य असेल तर विनंतीनंतर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी बंधनकारक आहे. नाही केलं तर बँकेने तुम्हाला दर दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. हे वाक्य विनंतीच्या ईमेलमध्ये लिहिलंत की ‘सर, एक ऑफर आहे’वाले फोन आटोपते होतात. पहिलं कार्ड ठेवायचं असेल तर त्याची मर्यादा २०,००० वर आणून घ्या. मी असतो तर तेही वर्षभर कपाटात ठेवलं असतं.

‘कार्ड बंद केलं तर सिबिल पडेल ना?’ सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा गुणांक. पडेल थोडा, काही महिने. पण आत्ता मर्यादेच्या नव्वद टक्के वापरून बसल्याने तो पडलेलाच असणार. बाकी भरली की तो चढू लागतो. २०२५ च्या सुरुवातीपासून बँका ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवतात, त्यामुळे बदल दिसायला पूर्वीइतकी वाट बघावी लागत नाही. देशात कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या अशा चार संस्था आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा आणि बघा, त्यात तुमच्या नावावर तुम्हालाच माहीत नसलेलं काही आहे का. अनेक पगारदार पतसंस्थांची कर्जं त्यात दिसत नाहीत, ही गोष्ट चांगली की वाईट याबद्दल माझी मतं आहेत, पण ती इथे नकोत.

एजंटबद्दल दोनच गोष्टी. तुम्ही आजवर एकही हप्ता थकवलेला नाही; तारखेमुळे गृहकर्जाचा तीनदा बाउन्स झाला, ती गोष्ट वेगळी. सेटलमेंट असते ती ज्याचं खातं थकलंय, ज्याच्याकडून वसूल होण्याची आशा बँकेने सोडलीय, त्याच्यासाठी. म्हणजे तो एजंट तुम्हाला आधी थकबाकीदार व्हायला सांगतोय, मग त्यातून सोडवण्याचे पैसे घेणार आहे. अहवालात ‘सेटल्ड’ हा शिक्का पुढची काही वर्षं राहतो आणि गृहकर्ज दुसऱ्या बँकेत हलवायला गेलात की नेमका तोच समोर येतो. शिवाय पर्सनल लोनचा हप्ता खात्यातून जाताना बाउन्स झाला तर चेक बाउन्ससारखाच फौजदारी खटला होऊ शकतो, तशी तरतूद २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्यात आहे. ज्याची नोकरी गेलीय, घरात मोठं आजारपण आहे, सहा महिने काही भरलंच नाहीये, त्याला मी स्वतः सेटलमेंट कर म्हणतो. पण तेव्हाही बँकेशी त्याने स्वतः बोलावं, पत्र लेखी घ्यावं आणि मगच पैसे भरावेत. मध्ये एजंट नको.

सोन्याबद्दल मेव्हण्यांचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. पतसंस्थेने मर्यादेमुळे पूर्ण रक्कम दिली नाही, समजा सव्वा लाखच वाढवून दिले, तर उरलेल्यासाठी बँकेतलं सोनेतारण कर्ज हा दुसरा पर्याय. दोन अटींवर. सोनं पत्नीचं आहे, तेव्हा शब्द तिचा. आणि कर्ज दरमहा हप्त्याचं घ्या. वर्षाअखेर मुद्दल-व्याज एकदम भरायचं, असं नको. ते ‘एकदम’ कधी जमत नाही. मग व्याज भरून पुन्हा नवं-जुनं, आणि तिसऱ्या वर्षी लिलावाची नोटीस. तिसरा पर्याय कार्डाच्या बँकेकडूनच थकित रकमेचे हप्ते पाडून घेणं. १६ टक्क्यांनी तीन वर्षांचे पाडून दिले तर १,९७,००० ला साधारण ६,९२५ आणि व्याजावरचा जीएसटी, म्हणजे सुरुवातीला ७,४०० च्या आसपास. मिनिममपेक्षा साधारण २,४५० कमी आणि मुद्दल खरोखर घटणारं. पण नुसत्या याने तुमची तूट भरत नाही, घरखर्चाला कात्री लागेल.

मोठं पर्सनल लोन मी शेवटी ठेवेन, कारण आधीची कर्जं बघता त्याचा दर पतसंस्थेपेक्षा चढाच लागेल. आणि गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जात वाढीव रक्कम? दर सगळ्यात कमी, हे खरं. पण मागच्या दिवाळीत कार्डावर घेतलेल्या मिठाईचे हप्ते ५३ व्या वर्षापर्यंत भरायचे आणि त्याला घर तारण, हे माझ्या मनाला पटत नाही. कुणी वेगळं सांगेल, तेही चूक नसेल.

इथपर्यंतचं एका दमात: खरी अडचण दरमहाचे ११,०५०, पतसंस्थेत नवं-जुनं करून ॲप आणि दोन्ही कार्डं मिटवायची, एक कार्ड बंद, दुसरं कपाटात, पर्सनल लोन आणि गृहकर्ज जसेच्या तसे.

आणि आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. तुमचे २७,००० खरे नाहीत.

तुम्ही खोटं लिहिलंय असं म्हणत नाही. प्रत्येक जण असंच लिहितो, कारण घरखर्च विचारला की माणूस महिन्याचा विचार करतो. मी समोरच्याला विचारतो, कार्डाची बाकी पहिल्यांदा कोणत्या महिन्यात उडी मारून वर गेली ते स्टेटमेंटमध्ये शोधा. उत्तर बहुतेक वेळा जून असतं, नाहीतर गणपती-दिवाळी. शाळेची फी, पुस्तकं, गणवेश, छत्र्या. गाडीचा विमा. टर्म पॉलिसीचा हप्ता. घरपट्टी. गावच्या जत्रेला जाणं-येणं. लग्नसराईतले आहेर. फ्रिज बिघडणं. यातलं काहीही अचानक येत नाही, जून दरवर्षी जूनमध्येच येतो, तरी दर वेळी कार्ड काढावं लागतं. दोघं बसून मागच्या १२ महिन्यांची अशी यादी करा. तुमच्यासारख्या घरात ती ४५,००० च्या अलीकडे क्वचित थांबते. ४५ धरले तरी महिन्याला ३,७५० झाले. वर आपण जे २,३५० शिल्लक काढले ते गेले, उलट १,४०० कमी पडले.

म्हणून नवं-जुनं केल्यावरही घरखर्चातून किमान दीड हजार, जमल्यास तीन, काढावे लागतील. कुठून, हे मी सांगणार नाही. दुसऱ्याच्या घरातला चहा आणि ओटीटी मोजायला मला आवडत नाही. पद्धत मात्र सांगतो. पगार ७ तारखेला होतो म्हणालात. त्याच दिवशी ३,७५० वेगळ्या खात्यात, ते वर्षाच्या खर्चाचं खातं, त्याला यूपीआय जोडायचं नाही. ठरलेले खर्च, म्हणजे वीजबिल, सोसायटी, दूध, क्लास, आईची औषधं, पगाराच्या खात्यातूनच जाऊ द्या. समजा ते ९,००० आहेत. उरले १८,०००. ते महिन्याचे म्हणून खर्चू नका, आठवड्यावर आणा. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर आठवड्याला ४,१५० येतात, त्यातून कपात करून ३,७०० ठरवा. दर सोमवारी तेवढेच तिसऱ्या खात्यात टाकायचे आणि दोघांच्याही फोनवरचं यूपीआय फक्त त्या खात्याला जोडायचं. शनिवारी दोनशे उरले तर शनिवार दोनशेचा. महिन्याच्या वीस तारखेला कळण्यापेक्षा शनिवारी कळलेलं सोपं असतं, सोमवार फार लांब नसतो.

तारखांचंही एक काम आहे. पगार ७ ला आणि गृहकर्जाचा हप्ता ५ ला, म्हणून गेल्या वर्षात तीनदा बाउन्स झालं असं तुम्ही लिहिलंय. बाउन्सचा आकार बहुधा दोन्हीकडून लागतो, तुमच्या खात्याच्या बँकेचा आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा. शाखेत अर्ज देऊन हप्त्याची तारीख १० करून मिळते का ते बघा. बऱ्याच ठिकाणी मिळते. हे तुमचं सर्वांत स्वस्तातलं काम, आणि सगळ्यात आधी होण्यासारखं.

ॲपवाल्यांनी मेव्हण्यांना मेसेज केला, त्याबद्दल. फोनमधल्या नंबरांना हात घालायची परवानगी रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी त्यांना नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. ॲपमागे कोणती वित्त कंपनी आहे ते तुमच्या कर्जाच्या कागदात लिहिलेलं असतं. तिच्या तक्रार अधिकाऱ्याला मेसेजच्या स्क्रीनशॉटसह ईमेल करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तक्रार ऑनलाइन करता येते आणि फी नसते. मागे कंपनीच नसेल, किंवा फोटो बदलून पाठवायच्या धमक्या असतील, तर थेट १९३० वर फोन. पैसे मात्र भरून टाका. तक्रार आणि फेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि फिटल्यावर ना देय पत्र घ्या, ॲप मगच काढून टाका. आधी ॲप काढलं तर पत्र मागायला जागा राहत नाही.

आईंच्या ऑपरेशनचं वाचून एक राहून राहून वाटलं. ७० वर्षांवरच्या कोणालाही, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. आधार कार्ड घेऊन ते आत्ताच काढून ठेवा, दवाखान्यात पळायच्या दिवशी नव्हे. आणि नाशिकमधली कोणती रुग्णालयं त्यात आहेत, कोणते उपचार येतात, हेही आधीच बघून ठेवा. तुमच्या कर्जाची सुरुवातच तिथून झाली होती.

बोनस मिळाला तर? किती मिळतो हे तुमच्या कंपनीच्या करारावर, म्हणून मी तो हिशेबात धरला नाही. मिळाला की पहिले १५,००० वर्षाच्या खात्यात, म्हणजे पुढचा जून सुटला. उरलेल्यातले निम्मे पतसंस्थेत जादा हप्ता म्हणून भरा, बहुतेक संस्था त्यावर आकार लावत नाहीत, पण विचारून घ्या. निम्म्याची दिवाळी करा. सगळा बोनस कर्जात घालणारे लोक पुढच्या दिवाळीला पुन्हा कार्ड काढतात.

तुम्ही शेवटी विचारलंय, मुलीच्या सुकन्या खात्यात दरमहा १,००० टाकतोय ते थांबवू का, अपराधी वाटतं. बंद करू नका, कमी करा. वर्षाला २५० रुपये भरले तरी ते खातं चालू राहतं. तिथे आठ टक्क्यांच्या आसपास मिळतात आणि इकडे तुम्ही ४२ देताय. वर जो दीड हजार शोधायचा होता त्यातले जवळजवळ हजार इथेच निघाले. पर्सनल लोन संपलं की ८,५०० मोकळे होतील, अजून ३६ हप्ते आहेत. त्यातले तीन हजार तेव्हा तिच्या खात्यात वळवा.